नदीकाठच्या पंपाचा हिशेब : दाब, प्रवाह आणि रोध

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके भीमा नदीने एकमेकांपासून वेगळे केले आहेत आणि तिच्याच पाण्याने एकमेकांशी जोडलेही आहेत. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेस मिळते. तेथून खाली दोन्ही काठांवर कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडविलेल्या पाण्यावर पंपांची रांग लागलेली दिसते. राहू बेटातील ऊस, दौंड तालुक्यातील गुऱ्हाळे आणि मांडवगण फराट्याकडील बागायत ही बऱ्याच अंशी या पंपांच्या जिवावर उभी आहेत. चैत्र-वैशाखात उसाला पाण्याची ओढ लागते, थ्री-फेज वीज येताच एकाच रोहित्रावरील साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि नेमक्या याच दिवसांत मोटर भरून देणाऱ्या कारागिरापुढे जळालेल्या मोटारींचा ढीग साचतो. मोटर भरून परत येईपर्यंत चार-आठ दिवस जातात आणि तेवढ्यात उभे पीक करपू लागते.

मोटर जळाली की दोष कोणाचा यावर पारावर बराच खल होतो. कोणी मोटर बनविणाऱ्यास नावे ठेवतो, कोणी ती मागील वेळी भरणाऱ्या कारागिरास, तर कोणी विजेस. यांपैकी कोणाचा दोष नसतोच असे नाही. परंतु मोटर जळण्याची पूर्वसूचना पुष्कळदा आधीच मिळत असते आणि ती स्टार्टरच्या पेटीवरील दोन तबकड्या देत असतात. एक तबकडी व्होल्ट दाखविते, दुसरी अँपिअर. बहुतेक ठिकाणी पहिलीचा उपयोग वीज आली की नाही एवढे पाहण्यापुरता होतो आणि दुसरी कित्येक वर्षे बंद पडलेली असते. या दोन आकड्यांवरून काय काय काढता येते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेतल्यास त्यांना शेतकरी बंधूंना फार उपयुक्त सल्ला देता येईल.

नदीवरून शेतापर्यंत जलवाहिनी टाकणाऱ्या शेतकऱ्यास दाब व प्रवाह हे शब्द नवे नाहीत. टाकी जितकी उंच तितका नळातील पाण्यास दाब अधिक. नळ जितका अरुंद व लांब तितका अटकाव अधिक आणि पाणी कमी. विजेचेही तसेच आहे. व्होल्ट हे दाबाचे माप, अँपिअर हे प्रवाहाचे माप आणि तारेकडून होणाऱ्या अटकावास रोध म्हणतात. त्याचे माप ओहम. कोलोन येथील एका विद्यालयात शिकविणाऱ्या गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने या तिघांचा संबंध १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला, म्हणून मापास त्याचे नाव मिळाले. संबंध अगदी सोपा आहे. दाबास प्रवाहाने भागले असता रोध मिळतो आणि दाबास प्रवाहाने गुणले असता शक्ती मिळते. शक्तीचे माप वॅट. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते.

घरातील पाणी तापविण्याचे हीटर घेऊ. २४० व्होल्ट दाबावर ते ४ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर त्याचा रोध २४० भागिले ४ म्हणजे ६० ओहम आणि शक्ती २४० गुणिले ४ म्हणजे ९६० वॅट. आता दाब उतरून २०० व्होल्ट झाला असे समजा. रोध तोच असल्याने प्रवाह २०० भागिले ६०, म्हणजे सुमारे ३.३ अँपिअर होईल आणि शक्ती ६६७ वॅटवर येईल. दाब सहाव्या हिश्श्याने घटला, पण उष्णता जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटली. पाणी तापण्यास वेळ लागेल, परंतु हीटरला इजा होणार नाही.

मोटारीचे गणित उलटे

येथेच पुष्कळांची फसगत होते. दाब कमी झाला की हीटर थंडावते, दिवा मंदावतो, तद्वत मोटारही जरा हळू चालेल आणि काम चालून जाईल, असा समज सर्वत्र आढळतो. मोटारीची प्रकृती मात्र निराळी आहे. पाणी जितक्या उंचीवर चढवावयाचे ती उंची दाब उतरला म्हणून कमी होत नाही. पंपाचा भार जवळजवळ तसाच राहतो आणि तो ओढण्यासाठी लागणारी शक्ती मोटर विजेकडून घेतेच. शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. दाब उणा झाला तर प्रवाह वाढवूनच ती भरून काढावी लागते. हीटरमध्ये दाबाबरोबर प्रवाह उतरतो, भारावरील मोटारीत दाब उतरला की प्रवाह चढतो. सबब कमी दाबात निर्धास्तपणे चालविलेली मोटर आतून भाजत असते.

याच कारणामुळे चालत्या मोटारीचे व्होल्ट व अँपिअर यांचा भागाकार करून तिच्या तारेचा रोध मिळत नाही. फिरणारी मोटर आलेल्या दाबास विरोध करणारा दाब स्वतःच निर्माण करीत असते. मोटर बंद ठेवून कारागीर रोधमापकाने गुंडाळीचा रोध मोजतो, तेव्हा तो भागाकारापेक्षा पुष्कळच कमी भरतो. मोटर जाम होऊन फिरेनाशी झाली म्हणजे हा विरोधी दाब नाहीसा होतो आणि प्रवाह एकदम पाच-सहा पट होतो. चालू करतानाच्या पहिल्या क्षणीही तसेच घडते.

थ्री-फेज मोटारीची शक्ती काढताना आणखी दोन आकडे लागतात. तीन तारांमुळे १.७३ ने गुणावे लागते. शिवाय मोटर घेते त्या प्रवाहाचा सर्व भाग कामी येत नाही, म्हणून शक्तिगुणकानेही गुणावे लागते. भारावर चालणाऱ्या साधारण मोटारीचा शक्तिगुणक ०.८ धरण्यास हरकत नाही. ५ अश्वशक्तीची मोटर ४१५ व्होल्टवर ८ अँपिअर घेत असेल, तर १.७३ × ४१५ × ८ × ०.८ म्हणजे सुमारे ४,६०० वॅट शक्ती ती ओढते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा मोटर दांड्यावर देते ते काम ३,७३० वॅटचे. उरलेले सुमारे ८७० वॅट मुख्यतः उष्णतेच्या रूपाने मोटारीतच जातात. दाब योग्य असतानाही एवढी उष्णता मोटर बाहेर टाकीत असते, हे ध्यानी असावे.

खांबापासून मोटारीपर्यंत

आता तारेकडे वळू. नदीवरून दीड-दोन किलोमीटर जलवाहिनी टाकणारा शेतकरी चार इंची नळ घ्यावा की पाच इंची, याचा दहा जणांना विचारून निर्णय करतो. परंतु खांबापासून नदीपात्रातील मोटारीपर्यंत केबल टाकावयाची वेळ आली म्हणजे बाजारात स्वस्त मिळेल ती घेतो. पाणी नळात अडते हे त्याला दिसते, वीज तारेत अडते ते दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

समजा खांबापासून मोटर ३०० मीटरवर आहे आणि ४ चौरस मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची केबल टाकली आहे. अशा केबलमधील प्रत्येक तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो, म्हणजे ३०० मीटरला सुमारे २.२ ओहम. ८ अँपिअर प्रवाहास एका तारेत ८ × २.२ म्हणजे १७.६ व्होल्ट खर्ची पडतात. थ्री-फेजच्या हिशेबाने, १.७३ व ०.८ ने गुणून, मोटारीजवळचा दाब सुमारे २४ व्होल्टने उतरतो. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती काढावयाची तर प्रवाहाचा वर्ग करून रोधाने गुणावे. ८ चा वर्ग ६४, गुणिले २.२ म्हणजे १४१ वॅट. तारा तीन, म्हणून सुमारे ४२० वॅट. अर्ध्या अश्वशक्तीहून अधिक शक्ती केबल तापविण्यातच गेली.

हे झाले खांबावर ४१५ व्होल्ट असताना. खांबावरील दाबात शेकडा ६ पर्यंत कमी-अधिक चालेल, अशी मर्यादा १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी घालून दिली होती. त्या हिशेबाने खालची पातळी ३९० व्होल्ट येते. परंतु उन्हाळ्यात भार वाढला म्हणजे लांबच्या रोहित्राच्या टोकाशी ३७० व्होल्टही आढळतात. अशा वेळी हीच मोटर सुमारे ९.७ अँपिअर ओढू लागते. वाढलेल्या प्रवाहामुळे केबलमधील घट आता ३० व्होल्ट होते, मोटारीच्या तोंडाशी जेमतेम ३४० व्होल्ट पोहोचतात आणि केबलमधील नुकसान ६२० वॅटवर जाते. मोटारीच्या गुंडाळीचे काय होते तेही पाहा. प्रवाह ८ वरून ९.७ झाला, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक वाढला. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते : ६४ च्या जागी ९४, म्हणजे जवळजवळ दीडपट. गुंडाळीवरील वार्निश व कागद ही उष्णता काही तास सोसतात, काही दिवसही सोसतात आणि मग एके रात्री धूर निघतो.

हीच केबल १६ चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमची असती, तर किलोमीटरला १.९१ ओहमच्या हिशेबाने ३०० मीटरला ०.५७ ओहम रोध झाला असता. ८ अँपिअर प्रवाहास दाबातील घट ६ व्होल्ट आणि नुकसान ११० वॅट. खांबावरील दाब वाढविणे शेतकऱ्याच्या हाती नाही, त्यासाठी वीज कंपनीकडे अर्जच करावा लागतो. परंतु खांबापासून पुढचे हे २०-२५ व्होल्ट मिळविणे पूर्णतः त्याच्याच हाती आहे. महाराष्ट्रात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज देण्याची योजना लागू झाली, त्यामुळे चारशे वॅट वाया गेले तर बिघडले काय, असा प्रश्न कोणी विचारील. बिलात ते दिसणार नाहीत हे खरे. पण दाब उतरल्याने मोटर जळते ती शेतकऱ्याच्या खर्चाने, आणि भरून आणण्याची मजुरी कोणत्याही योजनेत माफ नाही.

केबल किती रोध करते हे जागेवर काढण्याची एक सोपी युक्ती आहे. मोटर बंद असताना तिच्याजवळील व्होल्टमीटर पाहावा. मग मोटर चालू करून, पाणी भरभरून येऊ लागल्यावर पुन्हा पाहावा आणि त्याच वेळी अँपिअर टिपावेत. समजा आधी ४१२ व्होल्ट होते, नंतर ३८२ झाले आणि प्रवाह ८.६ अँपिअर आहे. घट ३० व्होल्ट. तिला १.७३ × ८.६ × ०.८, म्हणजे ११.९ ने भागले की रोध मिळतो सुमारे २.५ ओहम. केबलची लांबी व जाडी पाहता २.२ ओहम यावयास हवे होते. उरलेले ०.३ ओहम कोठे आहेत? बहुधा जोडात. कोठेतरी तारेला पीळ देऊन वर पट्टी गुंडाळलेली असते, किंवा फ्यूजच्या पकडीत गंज धरलेला असतो. ०.३ ओहमच्या एका जोडात ८.६ अँपिअर प्रवाहाने २२ वॅट उष्णता होते. बोटभर जागेत एवढी उष्णता साठली की पट्टी वितळणे ठरलेले. ही मोजणी शेजारच्या मोटारी चालू-बंद होत नसतील अशा वेळी करावी, नाहीतर त्यांच्यामुळे होणारी घट आपल्या केबलच्या माथी मारली जाईल. तीनही तारांमधील दाब व प्रवाह वेगवेगळे पाहावेत. एका तारेत प्रवाह इतरांहून बराच वेगळा दिसला तर मोटर बंद करून वायरमनला बोलवावे. प्रवाह मोजण्यासाठी तार तोडण्याची गरज नाही. तारेभोवती नुसता लावावयाचा टाँग टेस्टर बहुतेक वायरमनांकडे असतो.

एक फेज गेल्यावरही मोटर दोन फेजवर ओढीत राहते, हा प्रकार सर्वांत घातक. तेवढेच काम करण्यास उरलेल्या तारांतील प्रवाह १.७३ पट होतो आणि १.७३ चा वर्ग तीन, म्हणून उष्णता तिप्पट. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटर बंद पाडतो. रिले वरचेवर पडतो म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवणे, किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे, हा राखणदाराला झोपेचे औषध पाजण्याचा प्रकार होय. रिलेचा आकडा मोटारीच्या पट्टीवर कोरलेल्या अँपिअरइतकाच असावा.

कपॅसिटरविषयी शेतकऱ्यांत फार अनास्था आहे. ५ अश्वशक्तीच्या मोटारीस योग्य मापाचा कपॅसिटर लावून शक्तिगुणक ०.८ वरून ०.९५ वर नेला, तर केबलमधून वाहणारा प्रवाह ८ वरून सुमारे ६.७ अँपिअरवर उतरतो आणि केबलमधील उष्णता तीन-दशांश कमी होते. मात्र तो मोटारीजवळ बसवावा. खांबाजवळच्या पेटीत बसविल्यास रोहित्राचा भार हलका होतो, पण खांबापासून पुढच्या केबलला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

जमिनीचा रोध

आतापर्यंत तारेचा रोध पाहिला. जमिनीलाही रोध असतो, आणि तो मोजण्याची विद्या शिरूर तालुक्यात गेली कित्येक वर्षे शिकविली गेली आहे. तालुक्याच्या पश्चिमेस पाबळ हे गाव आहे. भीमाकाठच्या बागायतीशी तुलना करता हा भाग कोरडा, अवर्षणाचा. तेथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत विज्ञान शिकावे, या विचाराने गावातील मुलांना तेथे लोहारकाम, सुतारकाम, वीज, शेती व पशुपालन ही सारी शिकविली जातात. भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी जमिनीची रोधकता मोजणारे कमी खर्चाचे यंत्र आश्रमाने तयार केले आणि ते वापरण्यास गावच्याच तरुणांना शिकविले.

या यंत्रामागील गणित वर सांगितले त्याहून फारसे निराळे नाही. जमिनीत एका ओळीत, सारख्या अंतरावर चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंमधील दाब मोजतात. दाबास प्रवाहाने भागले की रोध आला. त्यास खुंट्यांमधील अंतराने आणि ६.२८ ने गुणले की जमिनीची रोधकता मिळते. खुंट्यांत १० मीटर अंतर आहे, प्रवाह ०.१ अँपिअर आणि दाब ०.०८ व्होल्ट आहे असे धरा. रोध ०.८ ओहम आणि रोधकता ०.८ × १० × ६.२८ म्हणजे सुमारे ५० ओहम-मीटर. खुंट्यांतील अंतर वाढवीत गेले म्हणजे अधिकाधिक खोलीचा ठाव लागतो. अभंग काळ्या पाषाणाची रोधकता जास्त असते, पाणी धरलेल्या कुजक्या व फुटीर खडकाची कमी. चिकणमातीचीही कमीच असते, त्यामुळे कमी आकडा म्हणजे हमखास पाणी असे समजू नये. आसपासच्या विहिरींचे थर ठाऊक असणाऱ्या माणसाने या आकड्यांचा अर्थ लावावा. तळहातावर नारळ उभा करून पाणी दाखविणाऱ्या पाणाड्यापेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा, कारण त्याचा पडताळा पाहता येतो.

हीच रोधकता मोटारीच्या अर्थिंगसाठीही विचारात घ्यावी लागते, आणि येथे प्रश्न मोटारीचा नसून माणसाच्या जिवाचा असतो. मोटारीच्या गुंडाळीची वीज तिच्या लोखंडी अंगात उतरली, तर अर्थिंगमधून मोठा प्रवाह जाऊन फ्यूज तत्काळ उडावा, अशी अपेक्षा असते. अडीच मीटर लांबीचा, दीड इंची लोखंडी नळ जमिनीत पुरला, तर ओहममधील त्याचा रोध त्या जमिनीच्या रोधकतेच्या सुमारे एक तृतीयांश भरतो. नदीकाठच्या ओल्या काळ्या मातीची रोधकता १५ असेल तर नळाचा रोध ५ ओहम. २४० भागिले ५ म्हणजे ४८ अँपिअर प्रवाह जाईल आणि १५ अँपिअरचा फ्यूज उडेल. माळावरील कोरड्या मुरमाची रोधकता १५० असेल तर तोच नळ ५० ओहम रोध करील. २४० भागिले ५० म्हणजे ४.८ अँपिअर. फ्यूज उडणार नाही, मोटर कदाचित चालतही राहील आणि तिचे अंग विजेने भारलेले राहील. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरतात. त्याचा हात मोटारीस लागला तर २४० भागिले १,००० म्हणजे ०.२४ अँपिअर प्रवाह त्याच्या देहातून जाईल. ०.०३ अँपिअरपासूनच जिवाला धोका सुरू होतो.

यास्तव माळरानावरील विहिरीवर एका नळाने भागत नाही. नळाच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर दुसरा नळ पुरून दोन्ही जाड पट्टीने जोडल्यास रोध जवळजवळ निम्म्यावर येतो. भोवती कोळसा व मीठ भरून खड्ड्यात पाणी घालीत राहिल्यास आणखी उतरतो. तरीही मुरमाड जमिनीत ५ ओहमपर्यंत पोहोचणे कठीण असते. तेथे अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर बसवावा, ०.०३ अँपिअर प्रवाह जमिनीकडे गळू लागताच तो क्षणार्धात वीज तोडतो. तो बसविला म्हणून अर्थिंग काढून टाकू नये. अर्थिंगची मोजणी वायरमनकडून वैशाखात करून घ्यावी, कारण पावसाळ्यात भिजलेल्या जमिनीत घेतलेला आकडा नेहमीच समाधानकारक येतो आणि उन्हाळ्यात तो टिकत नाही.